केनियाच्या मंडळीसाठी प्रार्थना करायची तर नेमकं काय मागायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की तुमच्या चर्चच्या तरुण संघाने दर महिन्याला एका देशातल्या मंडळीसाठी प्रार्थना करायचं ठरवलंय, चिठ्ठ्या टाकल्या त्यात पहिला केनिया निघाला, आणि आता तिथलं कोणालाच काही माहीत नाही म्हणून मुद्दे हवेत. शिवाय तिथल्या एका पास्टरचा फेसबुकवर मेसेज आलाय, अनाथ मुलांसाठी पैसे मागतोय, त्याचं काय करायचं. दोन्हीचं सांगते, पैशाचं शेवटी.

मिस्टरांची नोकरी मोंबासाला होती तेव्हा आम्ही काही वर्षं तिथे राहिलो, आणि परत आल्यापासून आमच्या महिला मंडळात देशांसाठीची मध्यस्थीची प्रार्थना मीच घेते. तर पहिली गोष्ट, "हे प्रभू, आफ्रिकेतल्या गरीब लोकांना अन्न दे आणि तुझी ओळख होऊ दे" ही जी आपली ठरलेली प्रार्थना असते ना, ती केनियासाठी करू नका. ओळख त्यांना चांगलीच आहे. २०१९ च्या जनगणनेत ४ कोटी ७६ लाख लोकांपैकी शंभरातले ८५ जण ख्रिस्ती निघाले, आपण महाराष्ट्रात शंभरात जेमतेम एक. त्यांचं राष्ट्रगीतच मुळी देवाला हाक मारून सुरू होतं. मटाटू म्हणजे तिथली वडाप, तिच्या मागच्या काचेवर येशूचं नाव, सलूनच्या पाटीवर वचन, आणि रविवारी सकाळी मोंबासात टॅक्सीवाला विचारणार की मॅडम कुठल्या चर्चला. आपल्यासारखं पत्रक छापून लोकांना बोलवावं लागत नाही.

म्हणजे तिथली मंडळी मोठी आहे, तिच्याकडे जागा आहे, शाळा-हॉस्पिटलं आहेत, माइक आहे आणि त्या माइकवर डोळा ठेवून बसलेले पुढारी पण आहेत. आपण कायम छळ आणि उपासमार एवढंच डोक्यात धरून प्रार्थना करतो आणि मोठं झालेल्या मंडळीला कशाची गरज असते हे आपल्याला सुचतच नाही. माझ्या मते केनियासाठी मागायचं ते मुख्य हेच, की लोकांचा एवढा विश्वास ज्यांच्या हातात आहे त्यांनी तो विकू नये. बाकीचे मुद्दे त्याच्या आजूबाजूला येतात.

पण त्याआधी एक गोष्ट सांगते, कारण ती कळल्यावर मुलं प्रार्थनेत जागी राहतात. नाशिकचा शरणपूर रोड तुम्हाला माहीत असेलच, दवाखाने, दुकानं, ट्रॅफिक. ते शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलेलं ख्रिस्ती गाव, आणि तिथे आफ्रिकन मुलं राहायची. गुलाम म्हणून गलबतांतून नेली जाणारी ही मुलं इंग्रजांच्या आरमाराने समुद्रातच सोडवलेली, मग मुंबई बंदरात उतरवलेली, आईबाप कुठे राहिले, गाव कुठलं, काही पत्ता नाही. त्यातली बरीच शरणपूरला पाठवली गेली. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम लोहारकाम शिकली, त्यांचे बाप्तिस्मे झाले, लग्नं झाली. इतिहासात त्यांना बॉम्बे आफ्रिकन म्हणतात, मी तर नाशिककरच म्हणते.

तिकडे केनियाच्या किनाऱ्यावर काय चाललं होतं, तर १८४४ मध्ये क्राप्फ नावाचा जर्मन मिशनरी मोंबासाला आला, आणि दोन-तीन महिन्यांत त्याची बायको आणि नुकतंच जन्मलेलं बाळ दोघंही गेले. दोन वर्षांनी रेबमान आला, मग दोघांनी मोंबासाच्या आतल्या बाजूला राबाईच्या टेकडीवर काम सुरू केलं आणि वर्षानुवर्षं हाती फार थोडे लोक लागले. त्या राबाईला १८६० च्या दशकात मदतीला कोण गेलं, तर आपल्या नाशिकहून विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड आणि त्यांच्यासोबतची मंडळी. पुढे शरणपूरचं काम बघणारा प्राइस साहेबच मोंबासाला गेला आणि १८७५ मध्ये मोंबासा बेटासमोरच्या जमिनीवर सुटलेल्या गुलामांसाठी वस्ती उभी केली, फ्रिअरटाऊन. नाव मुंबईचा जुना गव्हर्नर बार्टल फ्रिअर याचं. शंभराच्या वर नाशिकचे आफ्रिकन तिथे जाऊन राहिले, शिक्षक ते, सुतार ते, उपदेशकही ते. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनने जोन्स आणि सेमलर दोघांना दीक्षा दिली, आणि त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला तेव्हा उरलेल्या लोकांना सांभाळून परत किनाऱ्याला आणणारा पुन्हा हा जोन्सच. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टन, त्याचं शव आफ्रिकेच्या आतून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या लोकांत जेकब वेनराइट होता, तोही नाशिकलाच शिकलेला.

फ्रिअरटाऊनची घंटा अजून आहे. मोंबासाहून न्याली पूल ओलांडून उत्तरेला निघालं की चौकात एक छोटासा दगडी मनोरा लागतो, गुलामांची जहाजं दिसली की ती वाजवायचे म्हणे, आज तिथे मटाटूचे कंडक्टर "केंगेलेनी, केंगेलेनी" असं थांब्याचं नाव ओरडत असतात, म्हणजे घंटेपाशी, शेजारी भाजलेलं कणीस विकायला बाया बसलेल्या, आणि वर बघायला कोणाला वेळ नसतो. मी सांगितलं की हे नाशिकचं आहे तर आमच्या शेजारणीचा विश्वासच बसेना.

हे सगळं एवढ्या लांबण लावून सांगायचं कारण, तुमच्या पोरांना सांगा की केनिया म्हणजे नकाशावरचा कुठला तरी ठिपका नाही, त्या मंडळीच्या पायाचे काही दगड इथून गेलेत. नात्यातल्या माणसासाठी प्रार्थना वेगळी होते.

आता मुद्द्यांकडे. राबाईच्या बाजूला एका खेड्यातल्या चर्चला आम्ही अधूनमधून जायचो. उपासना अडीच-तीन तास, आणि संपल्यावर अंगणात दानाचा लिलाव. ज्यांच्याकडे रोख पैसे नाहीत त्यांनी नारळ, अंडी, केळ्याचा फणा, पाय बांधलेली कोंबडी असं आणलेलं असायचं. आपल्याकडे नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत हंगामाच्या सणाला जसा लिलाव होतो अगदी तसाच, बोली बोलायची, हसायचं, एकाने कोंबडी घ्यायची आणि परत दानातच टाकायची म्हणजे तीच कोंबडी दोनदा विकली जाते. त्या पैशातून चर्चचे पत्रे. आणि त्याच चर्चमध्ये निवडणुकीच्या आधी एक उमेदवार गाड्यांचा ताफा घेऊन आला, पुढच्या बाकावर बसला, त्याला माइक दिला, पंधरा मिनिटं विरोधकाला शिव्या घातल्या आणि जाताना एक पाकीट ठेवून गेला, ज्यात वर्षभराच्या कोंबड्यांपेक्षा जास्त पैसे. तिथे याला हरांबे म्हणतात, मुळात चांगली पद्धत, सगळ्यांनी मिळून वर्गणी काढायची, पण पुढाऱ्यांनी ती पार नासवली. पत्रे त्या वर्षी लागले. पण नंतर पाळकांना त्या माणसाबद्दल एक शब्द बोलता आला नाही.

पहिली विनंती इथली आहे. आणि फक्त रडगाणं नको कारण याच मंडळीने एकेकाळी सत्तेपुढे ताठ उभं राहून दाखवलंय. १९८० च्या दशकात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोई यांच्या सरकारने गुप्त मतदान काढून लोकांना उमेदवाराच्या फोटोमागे रांगेत उभं करून मतं मोजायला सुरुवात केली तेव्हा बिशप गितारी, बिशप ओकुल्लू, बिशप मुगे, प्रेस्बिटेरियन पाळक न्जोया हे लोक व्यासपीठावरून बोलले. मुगे यांना तर एका मंत्र्याने जाहीर धमकी दिली होती की आमच्या भागात आलास तर जिवंत जाणार नाहीस, ते तरी गेले, आणि ऑगस्ट १९९० मध्ये परतीच्या वाटेवर गाडीच्या अपघातात वारले. पुढच्या वर्षी एकपक्षीय राजवट संपली. मग उलट बाजू पण आहे, २००७ च्या निवडणुकीत हेच चर्चवाले आपापल्या जमातीच्या पुढाऱ्यामागे वाटले गेले. निकालानंतरच्या दंग्यात अकराशेच्या वर माणसं मेली, आणि १ जानेवारी २००८ ला एल्डोरेटजवळ कियांबाला आसरा घेतलेल्या बायामुलांसकट चर्च पेटवलं गेलं. त्यानंतर तिथल्या राष्ट्रीय चर्च परिषदेने आम्ही पक्षपात केला म्हणून देशाची जाहीर माफी मागितली, हे मला फार मोठं वाटतं, आपल्याकडे कुठल्या संस्थेने असं केलेलं मला आठवत नाही.

अलीकडचं सांगायचं तर जून २०२४ मध्ये नव्या करांविरुद्ध विशी-बाविशीतली पोरं रस्त्यावर आली, संसदेत घुसली, गोळीबारात बरीच मेली, आणि सरकारने ते बिल मागे घेतलं. त्या पोरांचा राग चर्चवर पण होता बरं का, तुम्ही पुढाऱ्यांना माइक देता, त्यांचे पैसे घेता. परिणाम झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी नैरोबीतल्या एका कॅथलिक चर्चला दिलेली देणगी आर्चडायोसीसने परत पाठवली. अँग्लिकन आर्चबिशप ओले सापित यांनी तर २०२१ मध्येच पुढाऱ्यांना पुलपिटवरून बोलायला बंदी घातली होती. पुढची निवडणूक ऑगस्ट २०२७ मध्ये, म्हणजे पाकिटांचा सीझन सुरू होणार. तुमच्या पोरांना सांगा, १ तीमथ्य २ मधलं राजांसाठी प्रार्थना करा हे वाचायचंच, पण पाळकांना नाही म्हणायचं बळ मिळावं हे नेमकं मागा. आणि जमातीजमातीतलं, किकुयु, कालेंजिन, लुओ, ते सहभागितेच्या मेजावर तरी बाहेर राहावं. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, आपल्या मंडळ्यांत पण कोण कुठल्या समाजातून आला हे कमिटीच्या निवडणुकीला बरोबर आठवतं.

दुसरी विनंती जड आहे, पोरं लहान असतील तर जपून सांगा. एप्रिल २०२३ मध्ये मालिंदीच्या आत शाकाहोलाच्या जंगलात थडगी सापडायला लागली. पॉल मॅकेंझी नावाच्या उपदेशकाच्या नादी लागून लोक घरदार विकून तिथे राहायला गेले होते, आणि आरोप असा की उपास करून मेलात तर येशूला भेटाल असं सांगून लोकांना, लेकरांसकट, उपाशी मारलं. चारशेहून जास्त प्रेतं निघाली. खटला सुरू झाला, सरकारने धार्मिक संस्थांवर नियम आणायला समिती नेमली, चर्चवाल्यांत वाद की नियम हवेत की नकोत. माझं मत विचाराल तर हिशोब आणि शिक्षण दोन्ही मागायला काही हरकत नाही, पण सरकारच्या हातात चावी देण्याची भीतीही खोटी नाही, आपण इथे बसून ते ठरवू नये. प्रार्थनेत यहेज्केल ३४ वाचा, स्वतःलाच चारणारे मेंढपाळ. आणि खरं दुखणं हे आहे की मंडळ्या झपाट्याने वाढल्या, त्या मानाने शिकलेले पाळक नाहीत, कोणीही पत्र्याची शेड टाकतो, स्पीकर लावतो आणि स्वतःला प्रेषित म्हणवतो. लिमुरूच्या सेंट पॉल्स युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी पाळकांचं शिक्षण चांगलं चालतं, तिची सुरुवात पण १९०३ मध्ये फ्रिअरटाऊनलाच झाली होती, म्हणजे फिरून नाशिकपाशीच आलो. अशा सेमिनऱ्यांसाठी, खेड्यातल्या पाळकांना फी भरून शिकता यावं म्हणून प्रार्थना करा. शाकाहोलातून वाचलेली लेकरं पण विसरू नका, त्यांना आता "उपास" आणि "प्रार्थना" हे शब्द ऐकून काय वाटत असेल.

ईशान्य केनिया हा वेगळाच देश समजा. गारिसा, वाजिर, मांडेरा, सोमालियाच्या सीमेचा भाग, बहुतेक सगळे मुसलमान, आणि ख्रिस्ती म्हणजे बाहेरून बदली होऊन आलेले शिक्षक, नर्सेस, पोलीस, खाणकामगार. इथे मात्र जीव मुठीत धरून राहायचं. २ एप्रिल २०१५, पवित्र सप्ताहातला गुरुवार, सोमालियातल्या अल-शबाब या अतिरेकी संघटनेचे लोक गारिसा विद्यापीठात पहाटे घुसले, ख्रिस्ती विद्यार्थी सकाळच्या प्रार्थनेला जमले होते तिथे गोळ्या घातल्या, मग वसतिगृहात मुसलमान कोण आणि ख्रिस्ती कोण असं वेगळं करून मारलं. १४८ जण गेले, बहुतेक तुमच्या तरुण संघाच्याच वयाचे. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मांडेराच्या बसवर हल्ला झाला तेव्हा मुसलमान प्रवाशांनी ख्रिस्ती बायांना आपले स्कार्फ दिले आणि वेगळं व्हायला नकार दिला, मारायचं तर सगळ्यांना मारा. सलाह फराह नावाचे शिक्षक त्यात गोळी लागून पुढच्या महिन्यात वारले. प्रार्थनेत दोन्ही गोष्टी सांगा, एकच सांगितली तर पोरांच्या मनात भलतंच घर करतं आणि मग ती प्रार्थना राहत नाही, व्हॉट्सॲपचं फॉरवर्ड होतं. तिथे बदलीवर गेलेल्या शिक्षकांसाठी मागा, घरच्यांना सोडून वर्षं काढतात. इब्री १३:३ इथे लागू पडतं. आणि सोमाली लोकांतून विश्वासात आलेले काही जण आहेत, त्यांच्याबद्दल कुठून काही नाव-फोटो आला तर ग्रुपवर टाकू नका, देवाला नाव माहीत आहे, एवढं पुरे.

बाकी दुष्काळ, पूर, महागाई आहेच. २०२० पासून उत्तरेला तुर्काना-मार्साबितकडे ओळीने पाच पावसाळे कोरडे गेले, जनावरं संपली, आणि २०२४ मध्ये उलट महापूर. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा, त्या महिन्यांत पावसासाठी मागितलं तर वेळेवर होईल. मिशन हॉस्पिटलं, किजाबे, तेनवेक, चोगोरिया, गोरगरिबांचा आधार आहेत आणि विम्याचे पैसे थकल्याच्या त्यांच्या तक्रारी कायम असतात, मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलची परवड ज्यांनी पाहिली त्यांना जास्त सांगायला नको. काकुमा आणि दादाब या निर्वासित छावण्यांतल्या मंडळ्या पण घ्या, काकुमात दक्षिण सुदानचे लोक झाडाखाली काय गातात म्हणून सांगू.

घ्यायचं कसं, तर एका बैठकीत एकच विषय. सगळं एकदम घेतलं की पाच मिनिटांत सगळ्यांचं सारखंच आमेन होतं. चार आठवडे आहेत ना, एक आठवडा पाळक आणि पाकीट, एक शाकाहोला आणि शिक्षण, एक ईशान्येचा, एक तरुणांचा. प्रत्येक बैठकीला आधी दहा मिनिटं एकाने माहिती सांगायची, नकाशा भिंतीवर, मग दोघा-तिघांचे गट. तिथलं घड्याळ आपल्यामागे अडीच तास, म्हणजे रविवारी त्यांची दहाची उपासना सुरू होते तेव्हा आपल्याकडे साडेबारा, आपलं चर्च सुटून पोरं आवारात गप्पा मारत असतात तीच वेळ, पंधरा मिनिटं तेव्हाच घ्या. शुक्रवारी रात्री तिथे केशा असते, रात्रभराची जागरण-प्रार्थना, हॉल भरून बाया, कडेला चटईवर लेकरं झोपलेली, पहाटे चारला पण आवाज खाली येत नाही. महिन्यातून एक शुक्रवार तुम्ही पण बसा, निदान बारापर्यंत. सुरुवातीला "ब्वाना आसिफिवे" म्हणायला शिकवा, प्रभूची स्तुती असो, समोरच्याने "आमेन" म्हणायचं, पोरांना असलं आवडतं. आणि उपकारस्तुती आधी. त्या लोकांचं गाणं, त्यांचं देणं, १९३० च्या दशकात रुवांडातून आलेलं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृतीची लाट, ज्यामुळे १९५० च्या दशकात इंग्रजांविरुद्धच्या माऊ माऊ बंडाच्या काळात किकुयु विश्वासणाऱ्यांनी बंडखोरांची शपथ पण घेतली नाही आणि बंदूक पण घेतली नाही, आणि त्यापायी जीव दिले, हे आधी बोला. मग मागणं.

आता तो फेसबुकचा मेसेज. असे मेसेज आमच्या मंडळात जवळजवळ सगळ्यांना आलेत. ठराविक असतं, "डिअर सिस्टर, ग्रीटिंग्ज फ्रॉम केनिया", दोन दिवस वचनं पाठवायची, आमच्याकडे येऊन सेवा करा म्हणून बोलवायचं, तिसऱ्या दिवशी ताटं घेऊन रांगेत उभ्या लेकरांचा फोटो. सगळेच खोटे असतील असं मी म्हणणार नाही, खरोखर अडचणीतला पाळक पण फेसबुकवर असू शकतो. पण तुम्हाला ते इथून ओळखता येणार नाही, आणि फोटोतली लेकरं त्याच्याकडेच राहतात का हेही कळणार नाही. मी एक साधी गोष्ट करते, त्याला विचारते की तुमचं चर्च कुठल्या संस्थेत आहे, तुमच्यावर बिशप किंवा सुपरिंटेंडंट कोण, त्यांचा ऑफिसचा पत्ता द्या, मी तिकडे लिहिते. बहुतेक वेळा पुढे उत्तर येत नाही. आलं तर खरंच त्या संस्थेला लिहा, पण मेसेजमधला पत्ता न वापरता स्वतः शोधून. मुलांचे फोटो दाखवून पैसे मागणं हे तिथल्या चांगल्या संस्थांना पण आवडत नाही. शिवाय इथून परदेशात पैसे पाठवायचे नियम आहेत, चर्चच्या खात्यातून तर अजिबात परस्पर काही करू नका, खजिनदार आणि पाळकसाहेबांना विचारल्याशिवाय नाही, उगाच ऑडिटला उत्तरं देत बसाल. फारच वाटलं तर ते पैसे तुमच्याच डायोसीसमधल्या बोर्डिंगच्या मुलांना द्या. आणि त्या पास्टरचं नाव प्रार्थनेत घ्यायला काहीच हरकत नाही, खरा असो की खोटा, दोघांनाही लागतेच. त्याला तसं कळवा पण, आम्ही पैसे पाठवत नाही, प्रार्थना करतो, कशासाठी करू ते सांगा. काय उत्तर येतं ते मला पण सांगा.